झिम्म्यातली दहावी

३ ऑगस्ट १९७८

आले बाई एकदाची! कागलहून सकाळची एस.टी. धरली. सोबत एक ट्रंक, एक वळकटी, लोणच्याची बरणी आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी बघून भाचा हसला, म्हणाला, आत्या, आता तिथं कुणाला पळवणार? चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत कवायत शिकवली. शिट्टी गळ्यात नसली की काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं, हे त्या शहाण्याला काय कळणार.

'निवृत्त भगिनी निवास' असं भारदस्त नाव आहे, पण मूळची ही गुळाची वखार. शाहूपुरीच्या मागच्या अंगाला, स्टेशनजवळ. कल्लाप्पाण्णा नावाच्या गुळाच्या व्यापाऱ्यानं जाताना ती नोकरी करून थकलेल्या, एकट्या बायकांसाठी देऊन टाकली. भिंतींत अजून गुळाचा वास मुरलेला आहे. मुंग्यांचं तर विचारू नका. पलंगाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात.

खोलीत माझ्याबरोबर रोशनबी म्हणून आहेत. नगरपालिकेच्या दवाखान्यात सुईण होत्या. मी ट्रंक ठेवायच्या आतच त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटा-पालटा करून बघितला आणि निकाल दिला की हात कामाचा हाय, पण आतून मऊ हाय. आचारी आकाराम चहा घेऊन आला तेव्हा त्यालाही हेच ऐकवलं. मला हसू आवरेना. सबंध आयुष्य मुलींच्या घोळक्यात गेलं आणि घरी आलं की चार भिंती. आज पहिल्यांदा कुणीतरी दिवा घालवण्याआधी विचारलं, झोपायचं का? बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

५ ऑगस्ट

इथला दिवस शाळेपेक्षा गच्च आहे. सकाळी अंगणात एकमेकींच्या सुनांच्या नाहीतर भाच्यांच्या कागाळ्या, मग वर्तमानपत्राचं मोठ्यानं वाचन. दुपारी जेवून आडवं व्हायचं, तीनला खेळ, पाचला स्टेशनपर्यंत फेरी, गुरुवारी भजन, महिन्यातून एक सिनेमा. निवास जैनांच्या ट्रस्टचा, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवण. मी मगदुमाची लेक, जन्मानं जैनच, मला सवयीचंच आहे. रोशनबींना मात्र पांढऱ्या रश्श्याची आठवण आली की त्या डोळे मिटून बसतात. मी म्हटलं, माझ्यासमोर नाव काढू नका, तर म्हणाल्या, नुस्तं आठवलं तरी पाप लागतं व्हय?

आम्ही दहा जणी. मुख्य कारभारीण शालूबाई. कचेरीत कारकून होत्या आणि अजून कचेरीतच असल्यासारख्या बोलतात. ताट कुणी कुठं ठेवायचं इथपासून हुकूम त्यांचा. मनानं वाईट नाहीत, पण आवाज असा की पलीकडच्या बोळातलं कुत्रं उठून बसतं.

गौरीच्या सणात शहरातल्या महिला मंडळाची झिम्मा-फुगडीची स्पर्धा असते. गेल्या वर्षी इथल्या बायका गेल्या आणि पोरीसोरी फिदीफिदी हसल्या. शालूबाईंना ते फार लागलंय. मी कवायतीची बाई म्हणताच त्यांनी माझा दंडच धरला. म्हटलं, सोडा, शिकवते.

८ ऑगस्ट

आज पंचमी. तीनला हॉलमध्ये खेळ झाला. मी नुसती बघत बसले.

गुडघे कुरकुरतात, पण ताल सगळ्यांना आहे. झिम्म्याला समोरासमोर जोड्या लागतात. या खेळणाऱ्या नऊ, म्हणजे एक उरणारच. ती उरलेली काय करते? दाराकडं एक लाकडी खांब आहे, त्याच्यासमोर उभी राहते आणि खांबाला टाळी देते! पाळीपाळीनं प्रत्येकीनं खांबाला टाळी द्यायची. खांद्याच्या उंचीवर लाकूड घासून काळं गुळगुळीत झालंय. मी विचारलं, हे काय खूळ? तर कुणी म्हणाल्या घरची रीत हाय. कुणी घातली, कधी घातली, कुणाला ठाऊक नाही. शालूबाई आणि रोशनबी काही बोलल्या नाहीत.

उलट शालूबाई भारी खुशीत होत्या. म्हणाल्या, तुम्ही आलासा, आता दहा झाल्या, खांबाचं कामच संपलं, उभ्या ऱ्हावा आमच्यात. मी सांगितलं, शिकवणारी रिंगणाबाहेर शिट्टी घेऊन उभी राहते. आत शिरलं की चुका दिसत नाहीत. चौतीस वर्षांत मी कधी मुलींच्या हातात हात घालून नाचले नाही, आता काय नाचणार? त्यांचा चेहरा पडला. पडू दे.

१० ऑगस्ट

तालमीचा पहिला दिवस. फरशीवर खडूनं दहा गोल काढले. पाच बाहेर, पाच आत. आतला एक गोल मोकळा सोडला. शाळेत एखादी मुलगी गैरहजर असली की मी रांग सरकवत नसे. तिची जागा सोडायची, ती आहे असं समजायचं आणि पुढं चालायचं, म्हणजे रचना बिघडत नाही. तेच इथं सांगितलं. मोकळ्या गोलासमोर जी येईल तिनं हात पुढं करायचा, समोर बाई आहे असं समजून हवेत टाळी द्यायची. प्रत्येक कडव्याला बाहेरच्या पाच जणी एक-एक घर पुढं सरकतात, त्यामुळं त्यांतल्या प्रत्येकीची पाळी येते.

खांब नजरेला खुपत होता म्हणून सकाळीच आकारामकडून त्याला हिरवा ऑइलपेंट मारून घेतला. तो कुरकुरत होता. म्हणाला, बाई, खांब ऱ्हाऊ द्या की, रंगवू नगासा. कारण विचारलं तर रंगाचा डबा ढवळायला लागला. खिडक्यांचा रंग उरला होता, तेवढ्यात काम भागलं.

एवढं बजावून सांगितलं होतं की रंग ओला आहे, लांब राहा. तरी तालीम संपल्यावर बघते तर शालूबाईंचा उजवा तळवा हिरवागार! मी शाळेतल्यासारखं झापलं त्यांना. त्या अंबाबाईची शपथ घेऊन सांगू लागल्या की मी खांबाकडं गेलेच नाही. मग खांबावर पंजा कुणाचा? खांद्याच्या उंचीवर ओल्या रंगात पाच बोटं उठलीत. नऊ जणींचे हात तपासले, बाकी सगळ्यांचे स्वच्छ. शालूबाईंचा पंजा चांगला रुंद आहे आणि हा ठसा लहान, हे माझ्या लक्षात आलं, पण तेवढ्यावरून कुणाला काय म्हणणार. ठसा तसाच ठेवलाय, वाळल्यावर दुसरा हात मारू.

१४ ऑगस्ट

सुधारणा आहे. पावलं एकत्र पडतात. गाणं मीच म्हणते, आवाज घोगरा असला तरी ठेका पक्का.

एक गोष्ट लिहून ठेवते. चार जोड्या टाळी देतात आणि पाचवी बाई हवेत. म्हणजे टाळ्या चार ऐकू यायला हव्यात. माझा कान तयार आहे. पन्नास मुलींत एकीचं पाऊल चुकलं तर पाठमोरी असूनही मी नाव घेऊन सांगत असे. आज मला पाच ऐकू आल्या. मी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. पाचच. वखारीची उंच कौलं आहेत, आवाज घुमत असेल.

जरा मजेशीर म्हणजे, ज्या दोन कडव्यांत शालूबाई आणि रोशनबी त्या मोकळ्या जागेसमोर होत्या, तेवढ्यातच पाच आल्या. बाकीच्या तिघींच्या पाळीला चार.

१७ ऑगस्ट

शालूबाईंनी सकाळी चुलीवरचं चहाचं आधण उजव्या हातानं उतरवलं. फडकं न घेता. भांडं हातात धरून त्या आकारामशी दुधावरून भांडत उभ्या. आकाराम ओरडला तेव्हा त्यांनी हाताकडं बघितलं. तळव्याला टरारून फोड आले होते आणि त्यांना काहीच वाटत नव्हतं. आठवडाभर हात बधिरच आहे म्हणे, वाऱ्यानं असेल म्हणून बोलल्या नाहीत.

मी रोशनबींकडं बघितलं. त्या आपला उजवा हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. खोलीत आल्यावर मी जबरदस्तीनं तो ओढला आणि सुईनं टोचलं. रक्ताचा थेंब आला. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, टोचलंय हे त्यांना कळलंच नाही.

१९ ऑगस्ट

आज रोशनबींनी सांगितलं. दुपारभर रडत सांगत होत्या.

दोन वर्षांपूर्वी इथं सीताबाई म्हणून होत्या. महारोग्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स. त्यांना स्वतःला काही रोग नव्हता, डॉक्टरांची चिठ्ठी ट्रंकेत होती. पण इथल्या बायकांनी त्यांचा हात कधी धरला नाही. पाणी वेगळं, ताट वेगळं. तेव्हा खेळणाऱ्या दहा होत्या, जोड्या बरोबर जमायच्या, तरी शालूबाई सीताबाईंना रिंगणात घेत नसत. त्यांना म्हणत, तुम्ही खांबाला द्या की टाळी, तुम्हाला काय, ताल धरल्याशी मतलब. आणि त्यांची जी जोडीदारीण, ती हवेत टाळी देई, पण सीताबाईंच्या हाताला हात लावत नसे. सीताबाई हसून खांबासमोर उभ्या राहात. रोज. वर्षभर.

मग श्रावणातच एका दुपारी खेळ चालू असताना त्या खांबाशी बसल्या. हात खांबावर टेकलेला. खेळ संपेपर्यंत कुणी बघितलंच नाही. संपल्यावर बघितलं तर गेलेल्या. तेव्हाही हात लावायला कुणी पुढं आलं नाही, आकारामनं आणि दवाखान्यातल्या माणसांनी उचललं. तेव्हाच्या बायकांपैकी आता शालूबाई आणि रोशनबी दोघीच उरल्यात. मन खाऊ लागलं म्हणून त्या दोघींनीच रीत घातली की सीताबाईची टाळी खांबाला रोज पोचवायची.

रोशनबी म्हणाल्या, मी सुईण, कसल्या कसल्यात हे हात घातले, आणि त्या बाईचा हात धरायला मला भ्या वाटलं.

मला असा संताप आला! मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, माणसं आहात का कोण आहात? मी असते तर पहिल्या दिवशी तिचा हात धरून रिंगणात ओढली असती. रोशनबींनी हॉलच्या दिशेनं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, मोठ्यानं बोलू नगासा बाई.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण जागा सोडून 'ती आहे असं समजा' म्हणणारी मी, हे डोक्यातून जात नाही.

२१ ऑगस्ट

खरं-खोटं करावं म्हणून आज जेवणं झाल्यावर एकटीच हॉलमध्ये गेले. बाहेर लख्ख ऊन, बोळातून कल्हईवाला ओरडत चाललेला. मोकळ्या गोलासमोर उभी राहिले, मनातल्या मनात कडवं म्हटलं आणि हात पुढं केला.

टाळी लागली.

हात होता. सुकलेला, खरखरीत, खूप धुतलेल्या हातासारखा. माझ्या तळव्यावर पूर्ण टेकला आणि थांबला.

मी मागं सरले. आणि — हे लिहायची लाज वाटते, पण रोजनिशीत खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला — मी हात पदराला पुसला. दोनदा. विचार करायच्या आत. परवा एवढ्या मोठ्या तोंडानं बोललेली मी.

समोरून एक श्वास सोडल्याचा आवाज आला. माणूस निराश झालं की सोडतं तसा.

पळत बाहेर आले.

२२ ऑगस्ट

तालीम बंद केली. पाठ धरली आहे असं सांगितलं. तीन वाजता आम्ही सगळ्या अंगणात तांदूळ निवडत होतो आणि हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. एकटीच्या. ठेका माझ्याच गाण्याचा.

सगळ्यांनी ऐकलं. कुणी मान वर केली नाही.

माझा उजवा तळवा बधिर.

२४ ऑगस्ट

शालूबाई गेल्या.

नीट लिहिते. तीनचा सुमार. हॉलमधून पावलांचा आवाज आला, दोन पायांचा नव्हे, चार पायांचा, फुगडीचा. मी आणि रोशनबी धावलो. शालूबाई मधोमध होत्या. दोन्ही हात पुढं ताणलेले, एकावर एक आडवे, मुठी आवळलेल्या. पावलं जुळलेली. अंग इतकं मागं झुकलं होतं की अंबाडा सुटून केस फरशीकडं लोंबत होते. आणि त्या गरगर फिरत होत्या.

मी हजार मुलींना फुगडी शिकवली असेल. एकटीला तसं झुकता येत नाही. समोरून तेवढंच वजन ओढत असल्याशिवाय माणूस पाठीवर पडतं. त्या पडत नव्हत्या.

मला बघून ओरडल्या, मगदूमबाई, सोडवा वो, सोडवा. मी पुढं झाले नाही. मग त्यांनी किळस आल्यासारखं तोंड फिरवलं आणि बोटं उघडली. मी बघितलं. त्यांनीच हात सोडला. फुगडीत पहिला नियम सांगते मी, काही झालं तरी हात सोडायचा नाही. हात सुटला की दोघीही आपटतात.

खांबावर डोकं आपटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, चक्कर आली असेल.

खांबाच्या दुसऱ्या बाजूलाही काहीतरी आपटल्याचा आवाज आला होता. तो मी कुणाला सांगितला नाही.

२६ ऑगस्ट

कोण रडतंय, कोण सामान बांधतंय. स्पर्धेतून नाव काढलं. चौघी नातलगांकडं गेल्या.

रोशनबींचे आता दोन्ही हात बधिर झाले. जपमाळेचे, तसबीहचे मणी बोटांना लागत नाहीत म्हणून त्या मोजणं विसरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मी जेवण भरवते. म्हणाल्या, आता माझी पाळी हाय, बाहेरच्या रांगेत शालूबाईच्या मागं मीच होते की.

मी म्हटलं, काय बी बोलू नका. माझाच आवाज मला खोटा वाटला.

२७ ऑगस्ट

दुपारी तीन. झोपलेल्या रोशनबींचे हात वर उठले. एकावर एक आडवे. झोपेतच. मी ते खाली दाबून धरले, अंगाचं सगळं बळ लावून. सव्वातीनला ढिले पडले.

त्यांच्या मुलीला, सलिमाला, राधानगरीला पत्र टाकलं. ने म्हणून.

२९ ऑगस्ट

खुरपं घेऊन खांबाचा रंग खरवडला. काळी गुळगुळीत जागा पुन्हा उघडी केली. पन्नास टाळ्या दिल्या खांबाला, हात सुजेपर्यंत. म्हटलं, सीताबाई, चुकले मी, तुमची टाळी घ्या, जा.

काही झालं नाही. तीन वाजता रोशनबींचे हात पुन्हा उठले. आज पावलंही जुळली, पलंगावर.

ती खांबाकडं परत जाणार कशी? रिंगणात घेतलेल्या मुलीला मी कधी म्हटलं असतं का, जा, भिंतीला टेकून उभी राहा. मी तिला जागा दिली. आहे असं समजा म्हटलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. गणपतीही आठवड्यावर आले.

३१ ऑगस्ट

सलिमाचा निरोप आला. उद्या चारच्या गाडीनं येते.

चार. तीन त्याच्या आधी वाजतात.

आज रोशनबी हॉलच्या दारापर्यंत गेल्या होत्या. ओढत आणलं. त्यांनी चौकट धरली होती पण हाताला चौकट लागत नव्हती, त्यामुळं सुटत होती. आकाराम आणि मी, दोघांनी मिळून. उद्या आवरेल असं वाटत नाही. रोशनबी हात सोडतील. त्यांच्या हाताला काही लागतच नाही तर त्या धरून ठेवणार कशा?

त्या मला म्हणाल्या, तुमी जावा कागलला, तुमचा काय संबंध.

माझा काय संबंध! दहावी जागा माझी होती. शालूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, उभ्या ऱ्हावा आमच्यात. मी शिट्टी घेऊन बाहेर उभी राहिले. मी आत गेले असते तर जागा रिकामी राहिलीच नसती.

आणि हात पुसला. ते तिनं बघितलं.

१ सप्टेंबर. दुपार

अक्षर वेडंवाकडं आहे. डाव्या हातानं लिहिते आहे.

अडीचला हॉलमध्ये आले. आकारामला सांगितलं, रोशनबींना धरून बस. शिट्टी त्यांच्या उशाशी ठेवली. दहाव्या गोलात उभी राहिले, समोर उजवा हात केला. म्हटलं, सीताबाई, त्या दिवशी पुसला तो हात. हा घ्या. आता नाही पुसणार.

धरलाय.

बधिर तळव्याला तिचा हात मात्र लागतो. तेवढाच लागतो. खरखरीत. कामाचा. रोशनबी माझ्या हाताला म्हणाल्या होत्या तसा. भीती वाटते. फार भीती वाटते, पण हातही कळतो आहे, दोन्ही.

वही खिडकीच्या कट्ट्यावर आहे. कट्ट्यापर्यंत यायला तिनं मला सैल सोडलं. थांबली आहे. लिहू देते आहे.

तीनचा ठोका पडला.

रोशनबी दारात — आकाराम मागं. हात उठलेले नाहीत. खाली आहेत, सरळ. चौकट चाचपताहेत. रडताहेत. म्हणताहेत लाकूड लागतंय, बाई, लाकूड लागतंय हाताला —

मी म्हटलं, आत येऊ नका. सलिमाबरोबर जा. मागं बघू नका.

पावलं जुळवली तिनं. माझ्या बोटांना तिची बोटं लागली, थंड.

हात सोडायचा नाही. मीच शिकवलंय. पण फुगडी थांबते ती एकीनं बस्स म्हटल्यावर — ती म्हणेल का — वर्षभर खांबाशी उभी राहिलेली बाई बस्स म्हणेल का —

ओढते आहे. जोरानं नाही.

दुसरा हात मागते आहे. बरोबरच आहे, एका हातानं कुठं फुगडी होते. पेन ठेवायला हवं. दोन्ही हात दिल्याशिवाय